डिझेलचा मोह

पेट्रोलची मोटार मोडून डिझेलची घ्यावी काय, या प्रश्नाला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर स्थान मिळावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. मोटार कोणती घ्यावी हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. त्यात संपादकाने लक्ष घालण्याचे कारण काय, असे ते विचारतील. एका घरापुरता पाहिला तर हा प्रश्न खरोखरच खासगी आहे. परंतु शहरातील हजारो कुटुंबे जेव्हा एकाच दिशेने खासगी निर्णय करू लागतात, तेव्हा त्या निर्णयांचे ओझे ज्यांनी ते केले नाहीत त्यांनाही वाहावे लागते. रस्ता सर्वांचा असतो, आणि हवा तर रस्त्याहूनही अधिक सर्वांची असते. म्हणून या घरगुती प्रश्नाचा चव्हाट्यावर विचार होणे आम्हांस आवश्यक वाटते.

हा मोह आज का बळावला, हे समजण्यास कठीण नाही. मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांची वेस २०२१ च्या मे महिन्यात ओलांडली. त्यातच २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट सरकारने गाठले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या घडणीच्या मोटारींचे अॅव्हरेज या मिश्रणाने सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद होते. सकाळ-संध्याकाळच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणारी गाडी आणि पंपावरचा आकडा यांच्या कात्रीत सापडलेल्या नोकरदाराला शेजाऱ्याची डिझेल गाडी कमी पिते असे दिसले, म्हणजे त्याचे मन चळते. त्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आमचा आग्रह इतकाच की, त्याने हिशेब मांडावा आणि तो पुरता मांडावा.

प्रथम डिझेलचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबली जाते की त्या दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. हा दाब अधिक असल्यामुळे इंधनाचा उपयोगही अधिक होतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जा जास्त असते. म्हणून तेवढ्याच वजनाची डिझेल गाडी तेवढ्याच रस्त्याला कमी इंधन घेते, आणि लिटरमागे कार्बन डायऑक्साइड अधिक सोडूनही किलोमीटरमागे थोडा कमीच सोडते. मालमोटारी, एसटीच्या बसगाड्या आणि शेतातील ट्रॅक्टर यांनी या इंजिनाचा आश्रय केला तो उगीच नव्हे. ओझे वाहणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या वाहनास डिझेल शोभते. प्रश्न आहे तो दादरहून फोर्टला किंवा कोथरूडहून शिवाजीनगरला जाणाऱ्या चार आसनी मोटारीचा.

ही मोटार डिझेलकडे वळली ती इंजिनाच्या गुणांमुळे नव्हे, तर सरकारी धोरणामुळे, हा इतिहास विसरता कामा नये. २०१० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर बाजारावर सोपविले. डिझेलचे मात्र आपल्या हाती ठेवले. शेतकरी, एसटीचा प्रवासी आणि धान्याची वाहतूक यांना झळ लागू नये हा हेतू स्तुत्य होता. परंतु पंपावरची नळी शेतकरी कोण आणि बंगलेवाला कोण हे ओळखीत नाही. २०१२ च्या मे महिन्यात पेट्रोलचे दर एका रात्रीत सात रुपयांहून अधिक वाढले, तेव्हा मुंबईत पेट्रोल सुमारे ७८ रुपये आणि डिझेल सुमारे ४५ रुपये अशी स्थिती झाली. तेहेतीस रुपयांची ही दरी पाहून मोटारींचे कारखाने आणि गिऱ्हाईके दोन्ही डिझेलकडे धावली. २०१२-१३ या एका वर्षात डिझेल स्वस्त विकल्यामुळे तेल कंपन्यांना सोसावी लागलेली तूट सुमारे ९२ हजार कोटी रुपयांची होती. पुढे पेट्रोलियम खात्याने करविलेल्या पाहणीत, पंपांवर विकल्या जाणाऱ्या डिझेलपैकी सुमारे १३ टक्के खासगी मोटारींच्या टाकीत जात असल्याचे दिसून आले. गरिबाच्या नावाने वाढलेल्या ताटात सुखवस्तू माणूस कसा जेवून जातो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

याची सूचना सरकारला मिळाली नव्हती असेही नाही. किरीट पारीख यांच्या समितीने २०१० च्या फेब्रुवारीतच डिझेल मोटारींवर ८० हजार रुपये जादा अबकारी कर बसवावा, अशी शिफारस केली होती. ती तशीच पडून राहिली. अखेर २०१३ च्या जानेवारीपासून डिझेलचे दर हळूहळू वाढवीत नेण्यात आले आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तेही बाजारावर सोपविण्यात आले. दरी बुजत गेली. पण ‘डिझेल म्हणजे स्वस्त’ हा समज मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. दर बदलण्यास एक रात्र पुरते. समज बदलण्यास एक पिढी लागते.

आता हिशेबाकडे वळू. गणित हा आमचा विषय कधीच नव्हता. परंतु शाळेत असताना नफा-तोट्याची उदाहरणे आम्हीही मुलांना घातली आहेत, आणि हे उदाहरण त्याहून कठीण नाही. समजा, एक गृहस्थ रोज चोवीस किलोमीटर याप्रमाणे वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे ७,२०० किलोमीटर गाडी चालवितो. शहराच्या गर्दीत त्याची पेट्रोल गाडी लिटरला बारा आणि तिच्या जोडीची डिझेल गाडी सोळा किलोमीटर देते असे धरू. पेट्रोल लागेल ६०० लिटर, डिझेल ४५० लिटर. २०१२ च्या दराने पेट्रोलचा खर्च ४६,८०० रुपये आणि डिझेलचा २०,२५० रुपये. बचत २६,५५० रुपयांची. यातील १४,८५० रुपये केवळ दरांतील तफावतीमुळे वाचत होते. म्हणजे बचतीचा निम्म्याहून मोठा हिस्सा इंजिनाने नव्हे, सरकारी धोरणाने दिलेला होता.

२०२४ च्या मार्चमध्ये दर दोन रुपयांनी उतरले, तेव्हा मुंबईत पेट्रोल सुमारे १०४ आणि डिझेल सुमारे ९२ रुपये होते. त्या दराने तोच हिशेब मांडला तर पेट्रोलचे ६२,४०० आणि डिझेलचे ४१,४०० रुपये होतात. बचत २१,००० रुपये. त्यात दरांच्या तफावतीचा वाटा आता अवघा ५,४०० रुपयांचा उरला आहे. डिझेलची गाडी तिच्याच जातीच्या पेट्रोल गाडीपेक्षा लाख-दीड लाखाने महाग पडते. महाराष्ट्रात तिच्यावरचा वाहन करही दोन टक्क्यांनी अधिक आहे. हा फरक दीड लाखाचा धरला तर तो भरून निघण्यास सात वर्षे लागतात. आणि यात कर्जाचे व्याज, विम्याचा वाढीव हप्ता, जुनी गाडी पडत्या किमतीला विकल्याची खोट व डिझेल इंजिनाच्या देखभालीचा जादा खर्च धरलेलाच नाही. सात वर्षांनी जो नफा सुरू व्हावयाचा, त्यासाठी आज दीड लाख मोजणे याला व्यवहार म्हणावे काय, हे वाचकांनीच ठरवावे. याउलट, जो फिरतीचा विक्रेता वर्षाला चोवीस हजार किलोमीटर हिंडतो, त्याची बचत याच दराने सत्तर हजारांच्या घरात जाते आणि त्याचे पैसे सव्वादोन वर्षांत सुटतात. त्याने डिझेल घ्यावे. त्याच्याशी आमचे भांडण नाही.

परंतु शहरातल्या शहरात फिरणाऱ्या डिझेल गाडीची खरी अडचण पैशांच्या हिशेबात दिसत नाही; ती सायलेन्सरच्या वाटेवर बसलेली असते. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ही मानके लागू झाली. डिझेल मोटारीने किलोमीटरमागे सोडावयाच्या कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडची २५० वरून ८० वर आली. ही मोठीच प्रगती होय. ती साधण्यासाठी गाडीत काजळी अडविणारा एक फिल्टर बसवावा लागतो. अडलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी धुराच्या नळीत सुमारे सहाशे अंश उष्णता निर्माण व्हावी लागते. हमरस्त्यावर गाडी पंधरा-वीस मिनिटे अखंड वेगाने धावली की हे काम बिनबोभाट होते. पण ज्या गाडीचा सारा जन्म सिग्नल ते सिग्नल जातो, तिचे इंजिन पुरते तापण्याच्या आतच कचेरी येते. काजळी साचत जाते, ती जाळण्यासाठी इंजिन जादा इंधन सोडते, ते काम अर्धवट राहिले की तेच इंधन ऑइलमध्ये उतरते, आणि शेवटी गाडीच्या फळीवर एक दिवा लागतो.

पुण्यातील आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीत हा दिवा लागला. घर ते नोकरीचे ठिकाण सात किलोमीटर. पैसे वाचवावे म्हणून चांगली चालती पेट्रोल गाडी विकून त्यांनी डिझेलची घेतलेली. गॅरेजमध्ये त्यांना दोन उपाय सांगण्यात आले. एक असा की, महिन्यातून एखाद्या रविवारी द्रुतगती महामार्गाने लोणावळ्यापर्यंत जाऊन यावे, म्हणजे फिल्टर साफ होईल. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरहून अधिक. म्हणजे इंधन वाचविण्यासाठी घेतलेली गाडी नीट राहावी म्हणून दरमहा सहा-सात लिटर इंधन जाळावयाचे, आणि पथकर वेगळा. दुसरा उपाय मिस्त्रीने आवाज खाली आणून सांगितला : फिल्टर काढूनच टाकू, कोणाला कळत नाही. आमच्या स्नेह्यांनी पहिला उपाय पत्करला आणि आता ते दर महिन्याला, भूक असो वा नसो, लोणावळ्यास जाऊन चिक्की घेऊन येतात. ही गोष्ट सांगताना ते स्वतःच हसतात. पण त्यांच्या जागी दुसरा उपाय पत्करणारे किती असतील, या विचाराने आम्हांस हसू येत नाही.

कारण मिस्त्री म्हणाला ते खरे आहे. कोणाला कळत नाही. फिल्टर काढणे कायद्याने निषिद्ध असले तरी पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीचा धूर किती गडद आहे एवढेच पाहिले जाते. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण किती आणि नायट्रोजनचे ऑक्साइड किती, हे तेथे मोजले जात नाही. दाखला मिळतो आणि गाडी सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ च्या जूनमध्ये डिझेलच्या धुराची गणना मनुष्यास निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. हा धूर गाडीतल्या माणसाच्या वाट्याला कमी येतो. तो काचा लावून बसलेला असतो. सिग्नलवरचा वाहतूक पोलीस, बसथांब्यावरची आजी, रिक्षातून शाळेला जाणारी मुले आणि फुटपाथवरचा भाजीवाला यांच्या छातीत तो जातो. पूर्वी डिझेल मोटारीची किंमत सरकारी तिजोरी भरीत होती. आता ती ही माणसे भरतात. एवढाच फरक की, तिजोरीचा जमाखर्च संसदेपुढे येतो, यांचा येत नाही.

कागदावरची मानके आणि रस्त्यावरचे वर्तन यांत किती अंतर पडू शकते, हे जगाने २०१५ च्या सप्टेंबरमध्ये पाहिले. फोक्सवॅगनसारख्या नामवंत कारखान्याने आपल्या डिझेल गाड्यांत अशी योजना केली होती की, तपासणी चालू असताना गाडी सोज्वळ वागे आणि रस्त्यावर आली की बेताल होई. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने तपासणी केली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा कंपनीस करावी लागली. जेथे कारखानाच तपासणीस चकवितो, तेथे कोपऱ्यावरच्या गॅरेजला काय बोल लावावा? पण याच उदाहरणाचा दुसरा अर्थही आहे. काळजीपूर्वक तपासले तर लबाडी सापडते. आपण तपासत नाही, ही आपली अडचण आहे.

नवी डिझेल गाडी परवडत नाही म्हणून जुनी घेण्याकडे ज्यांचा कल आहे, त्यांना एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. मारुतीने १ एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनविणे सोडले. लहान गाड्यांत नवी डिझेल गाडी आता शोधावी लागते. त्यामुळे मोह पडला की माणूस जुन्या बाजाराकडे वळतो, आणि तेथे मिळते ती बहुधा बीएस-४ ची, फिल्टर नसलेली गाडी. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली मज्जाव केला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तेव्हापासून वयात आलेल्या कितीतरी गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. राजधानीला जी हवेस अपायकारक वाटली, ती गाडी आपल्या गल्लीत येऊन निरुपद्रवी होत नाही.

दिल्लीच्या कथेतून आणखी एक बोध घेण्यासारखा आहे, तो राज्यकर्त्यांच्या धरसोडीचा. २०१५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तेथे दोन हजार सीसी व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी थांबविली. एका देशी कारखान्याने तत्परतेने १.९९ लिटरचे इंजिन बाजारात आणले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये किमतीवर एक टक्का आकार लावून बंदी उठली. २०२३ साली केंद्राच्या एका सल्लागार समितीने दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलची चारचाकी वाहने बंद करावीत असे सुचविले. सरकारने तो सल्ला आपण स्वीकारला नसल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी डिझेल वाहनांवर दहा टक्के जादा कर सुचविण्याचे सूतोवाच केले आणि त्याच दिवशी असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नसल्याचा खुलासाही केला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या गाड्यांवरील सक्तीच्या कारवाईस अटकाव केला आणि डिसेंबरात हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरते राखले. त्याच सप्टेंबरात वस्तु-सेवा कराची फेररचना झाली, तेव्हा लहान पेट्रोल गाडीवर एक टक्का आणि लहान डिझेल गाडीवर तीन टक्के असा जो उपकराचा भेद होता तोही मिटला. दोन्ही गाड्या अठरा टक्क्यांच्या एकाच रांगेत बसल्या. एक हात डिझेलला दटावतो, दुसरा त्याच्या पाठीवरून फिरतो. ज्या गृहस्थाने दहा वर्षांचा विचार करून गाडी घ्यावी अशी अपेक्षा आहे, त्याला दहा महिन्यांनी धोरण काय असेल हे सांगता येत नाही.

मुंबईला तर हा धडा नवा नाही. पेट्रोल महागले म्हणून एके काळी येथील पुष्कळ टॅक्सीवाल्यांनी काळ्या-पिवळ्या गाड्यांत डिझेलची इंजिने बसविली होती. धुराने हैराण झालेले नागरिक उच्च न्यायालयात गेले, १९९९ साली न्यायालयाने समिती नेमविली, आणि पुढे टॅक्सी सीएनजीवर आल्या. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, मुंबईतून पेट्रोल व डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने काढून केवळ सीएनजी आणि विजेवरची वाहने ठेवता येतील काय याचा अभ्यास तज्ज्ञांच्या समितीने करावा. टॅक्सीवाल्याला पोटासाठी जो मोह पडला, तो सोडविण्यास न्यायालयाला यावे लागले. सुशिक्षित मोटारमालकाने तरी त्याची वाट पाहू नये.

‘माझ्या एका गाडीने असा काय फरक पडणार? मालमोटारी आणि बांधकामाची धूळ आधी पाहा’, असा प्रतिप्रश्न येईल. त्यातला दुसरा भाग खरा आहे. मालमोटारी, धूळ, कचऱ्याच्या होळ्या यांचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल महापालिका व सरकार यांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु मालमोटारीला आज दुसरा सोयीचा मार्ग नाही, मोटारमालकाला आहे. ज्याला पर्याय आहे त्याची जबाबदारी ज्याला नाही त्याच्यापेक्षा अधिक असते. सार्वजनिक नीतीचा हा पहिला पाठ आहे.

सरकारकडून आमची अपेक्षा मोजकी आहे. पीयूसीची तपासणी सूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोजील अशी करावी, व फिल्टर काढणाऱ्या गॅरेजवर खटले भरावेत. डिझेल मोटारींवरच्या जादा वाहन करातून येणारा पैसा बेस्ट, पीएमपी यांसारख्या शहरी बससेवांना नावाने तोडून द्यावा. आणि शहरांतील डिझेल मोटारींचे पुढील दहा वर्षांत काय करावयाचे ते एकदा निश्चित सांगून त्यावर ठाम राहावे. मग ते कडक असले तरी चालेल. लोक कडकपणा सोसतात, अनिश्चितता सोसत नाहीत.

नागरिकांस आमचे सांगणे याहूनही साधे आहे. जी पेट्रोल गाडी चांगली चालते आहे ती चालू द्यावी; टायरांतली हवा आणि प्लग वेळच्या वेळी पाहावेत; आठवड्यातले दोन दिवस बस, लोकल किंवा मेट्रोने जावे. चोवीस किलोमीटरांच्या आमच्या गृहस्थाने पाचांपैकी दोन दिवस गाडी घरी ठेवली, तर तिकिटाचे पैसे वजा जाऊनही त्याची बचत डिझेलच्या बचतीच्या फारशी मागे राहणार नाही, आणि त्यासाठी दीड लाख रुपये गुंतवावे लागणार नाहीत. गाडी बदलावयाचीच असेल तर आपण वर्षाला किती आणि कोठे फिरतो हे प्रथम कागदावर मांडावे. त्या कागदावर आणखी एक रकाना आखावा : आपल्या गाडीमागे सिग्नलला जो उभा असतो, त्याचा. या रकान्यात रुपये लिहिता येत नाहीत म्हणून तो कोरा सोडण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती सवय मोडणे हेच सुशिक्षितपणाचे लक्षण होय.